वाचकांचे प्रश्न : चढावर गाडी बंद पडते तेव्हा

पाऊस ओसरला की दुचाकी गाड्या घाटांकडे वळतात आणि त्यामागोमाग पत्रं येतात. या वेळची बरीचशी चढावर बंद पडणाऱ्या गाड्यांबद्दल होती, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. आधीच सांगून ठेवतो, अशा बहुतेक गाड्यांत बिघाड काहीच नसतो. गिअर उशिरा पाडलेला असतो किंवा क्लच घाईत सोडलेला असतो. म्हणून पहिली उत्तरं हातापायांबद्दल आहेत, पान्याची पाळी नंतर.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. रॅम्प चढून वर गेटपाशी थांबून रस्ता बघावा लागतो. तिथून निघताना गाडी एकतर मागे सरकते, नाहीतर बंद पडते. मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असतंच. गाडी १२५ सीसीची आहे, मी नुकतीच शिकले आहे. (कोथरूड, पुणे)

तुम्ही बहुधा पुढचा ब्रेक धरून थांबता. पुढचा ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्या हातात. रेस द्यायची म्हणून बोटं ब्रेकवरून उचलली की गाडी मागे जाते, ती मागे गेली की डावा हात दचकून क्लच सोडून देतो आणि इंजिन बसतं. हे सगळं सेकंदभरात होतं, त्यामुळे नेमकं कुठे बिनसलं ते कळत नाही.

चढावर थांबायचं ते मागच्या ब्रेकवर. वजन मागच्या चाकावर आलेलं असल्याने तिथे त्याची पकड चांगली असते, आणि उजवा हात रेससाठी मोकळा राहतो. थांबण्याआधीच पहिला गिअर टाकून ठेवा. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, क्लच पूर्ण दाबलेला.

निघताना आधी थोडी रेस द्या आणि ती तशीच धरून ठेवा. मीटरवर फेऱ्या दिसत असतील तर अडीच ते तीन हजार. आता क्लच अगदी सावकाश सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली येईल, सीटची मागची बाजू जराशी बसेल, हँडलला बारीक थरथर जाणवेल. क्लचने पकडलं. डावा हात तिथेच थांबवा आणि उजवा पाय ब्रेकवरून हळूहळू उचला. गाडी जागची हलली नाही तर हात बरोबर जागी आहे. मागे सरकली तर पाय परत ब्रेकवर, आणि क्लच केसभर आणखी सोडा. इथे रेस वाढवण्याचा मोह होतो, पण कमी पडत असतो क्लच. मग रेस थोडी वाढवत पुढचे दोन-तीन मीटर क्लच सोडत न्या. गाडी चालू लागली की एकदम सोडून देणारे बरेच असतात आणि बहुतेकदा गाडी नेमकी तिथेच बंद पडते.

वॉचमन गेट उघडेपर्यंत गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, ब्रेकवर उभ्या राहा. हाफ क्लचवर दोन-तीन सेकंद ठीक, त्याच्या पुढे क्लचच्या प्लेटा तापतात. रॅम्पच्या तोंडाशी लोखंडी जाळी असेल तर चाक जाळीवर असताना थांबू नका, ओली असली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. आणि रस्त्यावर वळायचं असलं तरी निघताना हँडल सरळच हवं.

प्रश्न : माझी उंची पाच फूट. उजवा पाय ब्रेकवर ठेवला तर डाव्या पायाचा नुसता अंगठा टेकतो. मग चढावर कसं थांबायचं? (ठाणे)

थोडं डाव्या बाजूला सरकून बसा, म्हणजे अंगठ्याऐवजी चवडा टेकेल. त्याहून जास्त फरक थांबण्याच्या जागेने पडतो. आपल्याकडे रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे अगदी डाव्या कडेला थांबलात की डाव्या पायाखालची जमीन आणखी खोल जाते. डांबराची कड सोडून थोडं आत थांबा, किंवा साईडपट्टी डांबरापेक्षा उंच असेल अशी जागा हेरा.

तरीही जमत नसेल तर दोन्ही पाय टेकून पुढच्या ब्रेकवर निघायला शिकावं लागेल. तर्जनी आणि मधलं बोट ब्रेकवर, अंगठा आणि उरलेली दोन बोटं मुठीवर. ब्रेक धरलेला असतानाच मूठ फिरवायची. हे आधी सपाटीवर, मग हलक्या चढावर घोटून घ्या. सुटी खडी असेल तिथे मात्र पुढच्या ब्रेकवर भरवसा नको, वजन मागे गेल्याने पुढचं चाक जाम होऊनही घसरतं. सीटचा फोम कमी करून घेतला तर चालेल. शॉकअप कापून गाडी बसकी करणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : महाडहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना माझी १०० सीसी गाडी डबलसीट असली की हमखास वळणावर गचके खाते आणि दोन-तीनदा बंदही पडते. सरळ चढाला दुसऱ्यात आरामात चालते. इंजिन लहान पडतंय का? मोठी गाडी घ्यावी का? (महाड)

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण 'इंजिन लहान पडतं' ही तक्रार सर्रास ऐकू येते.

गाडी साधारण ११२ किलो, तुम्ही ७० आणि मागचा माणूस ६० धरला तर सुमारे २४० किलो होतात. डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात नेहमीचा चढ ५ टक्के, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, असा ठरवलेला आहे. अपवाद म्हणून ७ टक्के. जुन्या घाटांत काही तुकडे याहून खडे असतात, पण हिशेबाला ७ टक्के धरू. गाडीला मागे ओढणारा जोर साधारण १७ किलो, सपाटीवरही लागतो तो चार-पाच किलोचा वेगळा. एवढा जोर लावत ताशी ३० किलोमीटरने चढायला चाकाशी जेमतेम अडीच हॉर्सपॉवर लागतात. तुमच्या इंजिनाची ताकद आठच्या आसपास आहे. म्हणजे इंजिन पुरून उरतं.

गोम फेऱ्यांत आहे. ते आठ हॉर्सपॉवर मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर मिळतात. तेच इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असताना दोनच्या आसपासच देऊ शकतं, मूठ कितीही पिळा. अशा गाडीत दुसऱ्या गिअरात ताशी ३० ला इंजिन साधारण पाच हजारांवर फिरतं, म्हणून सरळ चढ आरामात जातो. वळणावर वेग १२ पर्यंत उतरला की त्याच गिअरात फेऱ्या दोन हजारांवर येतात, आणि नेमका तिथे चढ वाढलेला असतो.

तो का वाढतो? पूर्ण उलट्या फिरणाऱ्या वळणांवर चढ ४० मीटरला १ मीटर एवढाच ठेवावा, असं मानक सांगतं. पण तो मोजतात रस्त्याच्या मध्यावर. आतल्या कडेने अंतर कमी आणि चढायची उंची तेवढीच, म्हणून आतली कड जास्त खडी. आपण डावीकडून चालणारे. त्यामुळे वर जाताना डावं वळण आलं की आपण आतल्या, खड्या बाजूला असतो. उजवं वळण बाहेरून, लांबून आणि सौम्य चढाने मिळतं. तुमची गाडी बंद पडते ती वळणं आठवून पाहा, बहुतेक डावी निघतील.

डावं वळण दिसलं की त्याआधीच्या सरळ तुकड्यावर ठरवा. वेग १५ च्या खाली जाणार असेल तर पहिला गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच टाका. पहिल्यात चाकावर येणारा जोर दुसऱ्याच्या दुपटीच्या जवळ असतो. वळणात आत घुसून मग गिअर पाडायला जाल तर फसाल: दहास एक अशा चढावर क्लच दाबलेला असताना गाडीचा वेग दर सेकंदाला साडेतीन किलोमीटरने कमी होतो. १२ च्या वेगाला दोन सेकंद गिअर चाचपडत बसलात तर उरला पाच. म्हणून गिअर पाडताना रेस पूर्ण बंद करायची नाही, थोडी ठेवायची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या खालच्या गिअराला जुळतात आणि क्लच पटकन सोडता येतो.

डाव्या वळणात आपल्या लेनमध्ये राहून आतल्या कडेपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. समोरची लेन वापरायची नाही, वरून एसटी उतरत असेल तर तिला सगळं वळण लागतं.

गिअर मोठा पडतोय हे ओळखायची एक खूण आहे. मूठ आणखी पिळली आणि गाडी पुढे न सरता फक्त आवाज घोगरा झाला, पायाखाली धडधड लागली, की गिअर पाडायची वेळ होऊन गेली आहे. 'खालच्या गिअरात इंजिनावर ताण येतो' हा समज सोडून द्या. कमी फेऱ्यांवर मूठ पिळून रडवलेलं इंजिन जास्त तापतं आणि आतून ठोकल्यासारखा आवाज करतं.

मागच्या माणसाला चढ सुरू होण्याआधी पुढे सरकून बसायला सांगा. तो मागे रेलला की पुढचं चाक हलकं होतं आणि कमी वेगात हँडल भटकतं. जड बॅग त्याच्या पाठीवर नको, तुमच्या दोघांच्या मध्ये असू द्या.

मोठी गाडी हौसेने घ्या. या वळणांसाठी गरज नाही.

प्रश्न : खड्या चढावर गाडी बंद पडली की क्लच दाबतो आणि ती मागे जाऊ लागते. एकदा गाडीसकट पडलो. बंद पडल्यावर नेमकं काय करायचं? (संगमनेर)

क्लच दाबायचा नाही. गिअरमध्ये बंद पडलेलं इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं, क्लच दाबला की ती पकड सुटते. म्हणून पहिल्यांदा दोन्ही ब्रेक, हँडल सरळ, डावा पाय खाली. हँडल वळलेलं असताना गाडी मागे गेली आणि तुम्ही पुढचा ब्रेक आवळला तर ती आडवी होणारच.

गाडी स्थिर झाली की मागचा ब्रेक घट्ट ठेवून क्लच दाबा, पहिला गिअर असल्याची खात्री करा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्यात बंद पडतात आणि लोक तशाच पुन्हा निघायला जातात, म्हणून गिअर बघा म्हटलं. किकचीच गाडी असेल तर पुढचा ब्रेक धरून किक मारावी लागते. काही गाड्यांत किक फक्त न्यूट्रलमध्ये लागते, तुमची तशी आहे का ते घरीच बघून ठेवा.

किल्ल्यांच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर चढ इतका खडा असेल की पुन्हा निघणं शक्यच नाही, तर गाडी वळवून खाली आणा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरात. चढाच्या वरच्या बाजूला उतरून उभे राहा, पुढच्या ब्रेकवर हात असू द्या. क्लच थोडा दाबला की गाडी वीतभर मागे येते, सोडला की थांबते. असं करत मागचा भाग वाटेच्या कडेला न्या, गाडी आडवी झाली की पुढचं चाक उताराकडे फिरवा. खालच्या बाजूला कधीही उभे राहू नका. गाडी तिकडे कलली तर सावरायला जाऊ नका, सोडून द्या. आरसा आणि लिव्हर बाजारात मिळतात.

प्रश्न : गाडीवर दोन कॅन लावून रोज घाटातून दूध आणतो. भरलेले कॅन शंभर किलोच्या घरात जातात. चढाला क्लच प्लेट जळल्याचा वास येतो, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही. मेकॅनिक म्हणतो, पुढचा स्पॉकेट लहान टाक. टाकू का? (भोर)

स्पॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चक्र, टाका, पण आधी क्लच बघा. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. लहान स्पॉकेट टाकून घसरणाऱ्या प्लेटा सुधारत नाहीत.

क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती शून्यावर आली असेल तर हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. हे पाच मिनिटांचं, फुकटातलं काम आहे. दुसरी गोष्ट ऑइल. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे प्लेटा घसरू शकतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बघून घ्या. चाल बरोबर, ऑइल बरोबर आणि तरी घसरतोय, तर प्लेटा आणि स्प्रिंगा बदला, नुसत्या प्लेटा नको.

आता स्पॉकेट. पुढे १४ दातांचा असेल तर १३ चा टाकल्याने ओढ सुमारे पावणेआठ टक्के वाढते. जवळपास तेवढीच पळ कमी होते आणि सपाटीवर पेट्रोल थोडं जास्त लागतं. तुमचा रोजचा रस्ताच घाटाचा असेल तर सौदा चांगला आहे. १२ वर जाऊ नका, लहान चक्रावर साखळी जास्त वाकते आणि लवकर झिजते. जुन्या साखळीवर नवा स्पॉकेट बसवू नका, संच बदला. साखळीची ढील मॅन्युअलप्रमाणे ठेवा. फार सैल साखळी क्लच सोडताना गचका देते आणि भरल्या गाडीला तेवढा गचका बंद पडायला पुरतो.

मागचा ड्रमब्रेक घासत नाही ना, हेही मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून पाहा. ओझ्याच्या गाडीचा ब्रेक लोक आवळून ठेवतात, मग तो चढालाही लागलेलाच राहतो. एक मात्र सांगायला हवं: दुचाकीवर शंभर किलोचे कॅन हे तिच्या क्षमतेच्या काठावरचं ओझं आहे. कॅन मागच्या एक्सलच्या मागे लटकू देऊ नका.

प्रश्न : कुंभार्ली घाटात दहा-पंधरा मिनिटं चढल्यावर गाडी श्वास कोंडल्यासारखी होऊन बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की सुरू होते. प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर सगळं झालं. (चिपळूण)

पुढच्या वेळी बंद पडली की पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि प्रवाह आटतो. चढाला पेट्रोल जास्त लागतं म्हणून दोष चढालाच दिसतो. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून पाच मिनिटांनी गाडी बरी होते. झाकण धुऊन, भोक हवेने मोकळं करून घ्या.

झाकण उघडून फरक पडला नाही तर तापल्यावर स्पार्क जातोय का ते बघा. बंद पडल्याक्षणी प्लग काढून, इंजिनाला टेकवून, पेट्रोलपासून लांब तपासायला हवा. गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये तो ठणठणीत दिसतो. उंचीला दोष देऊ नका. हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के घटते, आणि कुंभार्ली तेवढाही उंच नाही.

प्रश्न : नवी गाडी चढावर थांबून पहिला गिअर टाकला की लगेच बंद पडते. सपाटीवर कधीच नाही. (सातारा)

साईड स्टँड. नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. स्प्रिंग सैल झाली असेल किंवा स्विचवर चिखल बसला असेल तर गाडीची पुढची बाजू उचलली गेल्यावर स्टँड तेवढा हलतो. स्विच धुऊन घ्या, स्प्रिंग बदला.

प्रश्न : घाटात ट्रकच्या मागे अडकलं की थांबत-थांबत चढावं लागतं. समोरून उतरणाऱ्याने वाट द्यायची की आपण? (कराड)

रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, असा वाहतुकीचा नियमच आहे. तो सगळे पाळतील हे धरून चालू नका. ट्रकच्या मागे चिकटू नका, पंधरा-वीस मीटर सोडा. ट्रक थांबला तरी तुम्हाला पहिल्या गिअरात सरकत राहायला जागा उरते. पुढे उलटं वळण असेल तर खाली सरळ तुकड्यावरच थांबा, ट्रकला वळण पूर्ण करू द्या आणि मग एका दमात चढा.

प्रश्न : स्कूटरला गिअरच नाही, मग आंबोली घाटात ती का दमते? चढावर उभी करायची असेल तर? (सावंतवाडी)

स्कूटर बंद पडत नाही, पण तिचा पट्टा किंवा क्लच घसरतो. पट्टा झिजून अरुंद झाला किंवा व्हेरिएटरमधले, म्हणजे गिअरचं काम आपोआप करणाऱ्या भागातले, रोलर एका बाजूने चपटे झाले की सुरुवातीची ओढ जाते. आपलं आपण पकडणारा क्लच ठराविक फेऱ्यांच्या वरच पूर्ण पकडतो, म्हणून चढावर रेसवर तोलून उभं राहिलात तर त्याचे शू जळतात. थांबायचं ते ब्रेकवर, आणि निघताना ब्रेक सोडत ठाम रेस द्यायची. रडतखडत, थोडी-थोडी रेस देत चढणाऱ्यांचेच शू लवकर जातात.

उभी करताना तोंड चढाकडे ठेवा. साईड स्टँड मागे दुमडतो. तोंड उताराकडे असेल आणि गाडी पुढे सरकली तर तो आपोआप मिटतो. तोंड वर असेल तर मागे सरकणारी गाडी त्याला आणखी घट्ट करते. मोटरसायकल पहिल्या गिअरात ठेवता येते. स्कूटरचं मागचं चाक इंजिन बंद असलं की मोकळंच फिरतं, म्हणून ब्रेकच्या लिव्हरला लॉक असेल तर तो लावा. नसेल तर मागच्या चाकाला दगड लावा, आणि निघताना तो रस्त्यातून काढून बाजूला टाका.